बाग विकली की बहर?

फेब्रुवारी १९९७. डेव्हिड बोवीला नुकतीच पन्नास वर्षं पूर्ण झाली होती. त्या महिन्यात त्यानं स्वतःच्या गाण्यांवर रोखे काढले. सरकार रस्त्यासाठी काढतं, कंपनी कारखान्यासाठी काढते, तसलेच रोखे. फरक इतकाच की तारण म्हणून जमीन नव्हती आणि सोनंही नव्हतं. होती ती १९९० पूर्वीच्या पंचवीस अल्बमांतून पुढे येणारी रॉयल्टी. रक्कम साडेपाच कोटी डॉलर, व्याज ७.९ टक्के. प्रुडेन्शियल या अमेरिकी विमा कंपनीनं सगळेच्या सगळे रोखे एकटीनं घेतले. बाजारात त्यांना नाव पडलं ‘बोवी बॉण्ड’.

मी पोटासाठी कोड लिहितो. आमच्या धंद्यात नोकरीच्या पहिल्याच दिवशी एका कागदावर सही होते: इथे जे लिहाल ते कंपनीचं. बदल्यात महिन्याचा पगार. मी लिहिलेलं फंक्शन उद्या लाखो फोनवर चाललं, तरी दर वेळी माझ्या खात्यात काही जमा होत नाही. त्यामुळे एकदा केलेल्या कामाचे पैसे वर्षानुवर्षं येत राहतात, ही रॉयल्टीची कल्पनाच मला अद्भुत वाटते. आणि असा झरा हातात असताना कुणी तो विकायला का काढतो, याचं कुतूहलही.

कारण साधं आहे. रॉयल्टी थेंबाथेंबानं येते, गरज मात्र एकदम उभी राहते. बोवीला रोख हवी होती, कारण त्याची स्वतःचीच गाणी पूर्णपणे त्याची नव्हती. त्याचा जुना मॅनेजर टोनी डिफ्रीज याच्याशी १९७५ मध्ये फारकत झाली, पण त्याच्या कमाईतला वाटा डिफ्रीजकडे राहिला. रोख्यांच्या पैशातून बोवीनं तो वाटा विकत घेतला. म्हणजे उद्याच्या कमाईवर आज पैसे उचलून त्यानं कालचा करार मोडीत काढला.

हा व्यवहार समजायला वॉल स्ट्रीटला जायची गरज नाही, कोकणात गेलं तरी पुरे. तिथे बागायतदार आंब्याची बाग हंगामापुरती व्यापाऱ्याला करारानं देतो. पैसे आधी हातात येतात. मग मोहोर गळाला, अवकाळी पाऊस झाला, तर तोटा व्यापाऱ्याचा. हंगाम संपला की बाग पुन्हा मालकाची. बोवीनंही बहर विकला होता, बाग नाही. ठरलेल्या वर्षांची रॉयल्टी रोखेधारकांची, कर्ज फिटलं की गाणी पुन्हा त्याची.

आणि अवकाळी पाऊस खरंच आला. १९९९ मध्ये नॅप्स्टर सुरू झालं आणि पोरं फुकटात गाणी उतरवून घेऊ लागली. सीडींचा खप घसरला. २००४ मध्ये मूडीज या पतमापन संस्थेनं बोवी बॉण्डची पत खाली आणली. ‘जंक’ म्हणवून घ्यायला एकच पायरी उरली होती. गंमत म्हणजे २००२ मध्येच बोवीनं न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं होतं की, पुढे संगीत नळाच्या पाण्यासारखं किंवा विजेसारखं होईल. आज आपल्या खिशातला फोन बघितला की त्याचं म्हणणं पटतं. तरीही रोखे बुडाले नाहीत. २००७ मध्ये ते फिटले आणि हक्क बोवीकडे परतले. त्याच्या मृत्यूनंतर, जानेवारी २०२२ मध्ये, वारसांनी गीतलेखनाचे हक्क वॉर्नर चॅपेलला विकले. बातम्यांनुसार किंमत पंचवीस कोटी डॉलरच्या घरात होती.

आता याच व्यवहाराची दुसरी बाजू. त्यासाठी बोवी बॉण्डच्या जवळजवळ साठ वर्षं मागे, जोहान्सबर्गला जावं लागेल.

१९३९ मध्ये सॉलोमन लिंडा या झुलू गायकानं आपल्या ‘इव्हनिंग बर्ड्‌स’ या चमूसोबत गॅलो कंपनीच्या स्टुडिओत ‘म्बुबे’ नावाचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. म्बुबे म्हणजे सिंह. याच लिंडानं गॅलोच्या कारखान्यात रेकॉर्डी बांधायचं कामही केलं होतं. गाणं आफ्रिकेत तुफान चाललं. पण त्याचे हक्क लिंडानं कंपनीला दिले होते, दहा शिलिंगांना. पुढे अमेरिकेत वीव्हर्स या गटानं ते ‘विमोवे’ म्हणून गायलं. १९६१ मध्ये टोकन्सनी त्याचं ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ केलं. पुढच्याच वर्षी लिंडा गेला, कफल्लक अवस्थेत. कबरीवर दगड बसवायलाही घरच्यांकडे कित्येक वर्षं पैसे नव्हते. १९९४ च्या ‘द लायन किंग’मधून हे गाणं तुमच्यामाझ्या पिढीच्या कानावर आलं. त्या एका वापरातूनच दीड कोटी डॉलर आले असावेत, असा अंदाज रायन मलान या पत्रकारानं २००० मध्ये मांडला.

लिंडाच्या मुलींना शेवटी आधार मिळाला तो १९११ च्या ब्रिटिश कायद्यातल्या एका कलमाचा. लेखकानं हयातीत हक्क विकले, तरी त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी ते वारसांकडे परत येतात, असं ते कलम होतं. त्या हिशेबानं १९८७ मध्येच गाणं घरी परतलं होतं, फक्त घरच्यांना ते माहीत नव्हतं. २००४ मध्ये डिस्नेवर दावा दाखल झाला आणि २००६ मध्ये तडजोड होऊन मुलींना वाटा मिळाला.

दोघांनीही उद्याची कमाई आजच्या पैशात बदलली. बोवीकडे वकील होते, नाव होतं, थांबायची ताकद होती, म्हणून त्याच्या करारात परतीची तारीख होती. वर्णभेदानं पिचलेल्या देशातल्या काळ्या कामगाराला अशी तारीख मागायची सोयच नव्हती. ती त्याच्यासाठी कायद्यानं घालून ठेवली होती.

आपल्याकडेही हा प्रश्न जुना आहे. साठच्या दशकात रॉयल्टीवरूनच लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात बिनसलं आणि काही वर्षं ते एकत्र गायले नाहीत. गायकांना वाटा मिळायला हवा, हे लताबाईंचं म्हणणं. मानधन मिळालं की गायकाचा संबंध संपला, हे रफींचं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटगीतांच्या हक्काबाबत निर्मात्यांच्या बाजूनं कौल दिला. मे २०१२ मध्ये संसदेनं कॉपीराइट कायदा बदलला. त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर कळकळीनं बोलले होते. आता चित्रपटासाठी लिहिणारा गीतकार किंवा चाल बांधणारा संगीतकार थिएटरबाहेरच्या वापरातला रॉयल्टीचा आपला समान वाटा सोडूच शकत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, बाकी कुणाला नाही. त्यानं स्वखुशीनं सही केली तरी नाही.

‘माझी गाणी, मी वाट्टेल ते करीन’ हे स्वातंत्र्य यात कमी होतं, हे खरं. बोवीसारखा धूर्त कलाकार या कलमाला वैतागला असता. पण घरभाडं थकलेलं असताना टेबलावर ठेवलेल्या कागदापुढे ते स्वातंत्र्य किती उरतं? दहा शिलिंगांची गरज असलेल्या माणसाला दहाच शिलिंग दिसतात, आणि समोरच्याला ते पक्कं ठाऊक असतं. मला हे कलम म्हणूनच योग्य वाटतं.

पण कायद्याचं हे छत्र फक्त काही जणांवर आहे. तुमच्यापैकी कुणी बीट बनवत असेल, कुणी जिंगल लिहीत असेल, कुणी लेबलसोबत पहिलाच करार करत असेल. पैशांचा आकडा सगळेच बघतात. त्याखालच्या मजकुरात मुदत किती वर्षांची आहे आणि ती संपल्यावर गाणं कुणाचं, या दोन ओळी शोधा. ‘कायमस्वरूपी’ असा शब्द दिसला, तर ती बहराची नाही, बागेची किंमत आहे असं समजा आणि तेवढी मागा.