ओवाळणी आणि मानधन : अंगणवाडीच्या इतिहासातील एक धागा

शहापूर तालुक्यातील डोळखांब हे गाव डोंगर चढणाऱ्यांना आजोबाच्या वाटेवरचा थांबा म्हणून परिचित आहे. ठाणे जिल्हा परिषदेच्या दप्तरात मात्र ते एका प्रकल्पाचे नाव आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या सोयीसाठी तालुक्याचे दोन विभाग पाडलेले आहेत. एक शहापूर, दुसरा डोळखांब. आजोबा डोंगराविषयी लोकांची श्रद्धा अशी की, येथे वाल्मीकींचा आश्रम होता, सीतेची मुले येथेच वाढली आणि त्या मुलांनी वाल्मीकींना ज्या नावाने हाक मारली तेच डोंगराला चिकटले. परित्यक्ता आई, दोन अर्भके आणि त्यांना सांभाळणारे परके माणूस. बालसंगोपनाचा प्रकल्प नेमका या डोंगराच्या छायेत उभा राहावा, हा योगायोग आम्हांस मोठा गोड वाटतो.

या मुलखात सणांचा हंगाम आणि ताटातुटीचा हंगाम एकच असतो. भाताची कापणी-झोडणी उरकते, दिवाळी होते आणि कातकरी कुटुंबे घराला ताटी लावून वीटभट्ट्यांकडे निघतात. भट्टीमालकाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा पाऊस तोंडावर येईपर्यंत, परतणे नाही. आईबाप निघाले की मुलेही निघतात. ज्या पाड्यावरच्या अंगणवाडीत आश्विनात मुले दाटीवाटीने बसत होती, तेथे मार्गशीर्षात पट विस्कटतो. कोणते मूल कुठल्या भट्टीवर गेले, जाताना त्याचे वजन किती होते, त्याला लस कोणती द्यायची राहिली, ही विचारपूस सेविकेच्या माथी येते. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ साली आदिवासी भागांत सुरू झाली. तेव्हापासून चूल आणि तिचा हिशेबही तिच्याकडे आणि मदतनीस बाईकडे आला. आपल्या घरी नाताळचा तारा लागतो, त्या दिवसांत ही बाई वजनकाटा खांद्याला अडकवून बांधावरून चाललेली असते.

अशा बाईला सणाच्या निमित्ताने समाजाने काय द्यावे? महाराष्ट्र शासनाने या प्रश्नाचे उत्तर एका सुंदर शब्दात दिले आहे. दिवाळीत सेविका आणि मदतनीस यांना जी रक्कम मिळते, तिला शासननिर्णयात 'भाऊबीज भेट' असे म्हटले आहे. त्या शब्दाकडे आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या 'मानधन' या दुसऱ्या शब्दाकडे थोडे निरखून पाहण्याचा येथे विचार आहे.

मराठीत सणाच्या देण्याला दोन नावे होती. टपालवाला, भंगी, गडी, मोलकरीण यांना दिली जाई ती दिवाळीची पोस्त. बहिणीच्या ताटात घातली जाई ती ओवाळणी. पोस्तेला एक प्रकारचा हक्क असे. ती चुकली तर माणूस दारात उभा राहून आठवण करून देई. ओवाळणीचे तसे नाही. भाऊ घालील ती गोड मानायची, ताटातील नाणे मोजायचे नाही, हा तिचा शिष्टाचार. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेने भाऊबीज निधीची प्रथा घातली, तेव्हा त्या शब्दाला सार्वजनिक जीवनात मोठे तेज आले. विधवा आणि निराधार मुलींच्या शिक्षणासाठी घरोघरचे अनोळखी पुरुष भाऊ झाले. परंतु तेथे ओवाळणी घेणारी संस्था त्या दात्यांची चाकरी करीत नव्हती. शासनाची गोष्ट वेगळी आहे. येथे भाऊ आहे तोच मालक आहे, आणि आपण मालक नाही असे तोच म्हणत आला आहे.

याचे मूळ योजनेच्या जन्माहून जुने आहे, आणि त्याची एक मुळी थेट रोमपर्यंत जाते. इटलीच्या कॅथलिक डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी रोममधील सान लोरेंझो या कामकऱ्यांच्या वस्तीत पहिले बालगृह उघडले, ते ६ जानेवारी १९०७ रोजी. तो प्रकटीकरणाचा, म्हणजे तीन राजांचा सण होता. आईबाप कामावर गेलेली मुले जिन्यांवर आणि अंगणांत भटकत. त्यांच्यासाठी ही सोय. पहिल्या दिवशी त्या मुलांवर जी बाई नेमली ती प्रशिक्षित शिक्षिका नव्हती, हे मॉन्टेसरी पुढे आवर्जून सांगत. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह या पद्धतीची उपासना केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. (बोर्डी आणि कोसबाड आता २०१४ साली निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यात आहेत.)

वारली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, हा ताराबाईंचा साधा विचार. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा आणि पाड्यावरच्या लहानग्यांसाठी अंगणवाडी. आज देशभर रूढ असलेला हा शब्द आपल्या या किनारपट्टीने घडविला, याचा अभिमान वसई-ठाण्याच्या वाचकांनी अवश्य बाळगावा. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. या दोघींनी आयुष्य वाहिले, आणि ते आयुष्य त्यांचे त्यांनी निवडलेले होते. अडचण पुढे झाली. दोन असामान्य स्त्रियांचा त्याग हा लाखो सामान्य स्त्रियांच्या नेमणुकीचा नमुना ठरला. त्याग हा आदर्श म्हणून थोर. नेमणुकीची अट म्हणून तो स्वस्त पडतो, आणि कोषागाराला स्वस्ताईचे आकर्षण असतेच.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली. महाराष्ट्रात मेळघाटातील धारणी आणि मुंबईतील धारावी ही त्यांतली ठिकाणे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजूला पुढच्या दवाखान्यात पाठविणे, पूर्वप्राथमिक शिक्षण आणि मातांचे आरोग्यशिक्षण अशी सहा कामे ठरली. ती करणारी बाई गावातलीच असावी, आणि ती 'मानसेवी' असावी, असेही ठरले. मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना १५० रुपये, न झालेलीला १०० आणि मदतनीस बाईला ३५. यास वेतन म्हणावयाचे नव्हते, हे मानधन. १९९२ साली मॅट्रिक सेविकेचे मानधन ४०० आणि मदतनिसाचे २०० झाले, १९९७ साली ५०० आणि २६०, तर २००२ साली हजार आणि पाचशे. २०११ पासून केंद्राने तीन हजार आणि दीड हजार रुपये ठरविले. २०१८ च्या ऑक्टोबरपासून साडेचार हजार आणि सव्वादोन हजार. राज्ये यात आपापली भर घालीत आली. हे आकडे वाचताना त्या त्या वर्षी घरात तांदळाचा भाव काय होता हे वाचकांनी आपल्या आईला विचारावे. आमच्या भाष्याची गरज उरणार नाही.

शब्दांचा खेळ किती विलक्षण असू शकतो, हे २००६ ते २०२२ या काळात दिसून आले. २००६ साली कर्नाटकातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अंगणवाडी सेविका या शासकीय पद धारण करणाऱ्या नव्हेत. मग मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांना अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, म्हणजे मेस्मा, लागू केला. पगार मागताना ज्या मानसेवी, त्या संप करू म्हणताच अत्यावश्यक ठरल्या! विधिमंडळात गदारोळ झाला आणि काही दिवसांतच त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. अखेर २५ एप्रिल २०२२ रोजी, गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात, न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सेविका आणि मदतनीस उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र आहेत असा निवाडा दिला. मानधन हे कायद्याच्या दृष्टीने वेतनच होय, हे त्या निवाड्यातून सिद्ध झाले. न्या. ओक यांनी वकिलीचा प्रारंभ ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात केला होता, ही नोंद जाता जाता करून ठेवावीशी वाटते.

आता पुन्हा भाऊबिजेकडे वळू. ११ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यातील सेविका संपावर गेल्या. सव्वीस दिवस अंगणवाड्या बंद राहिल्या आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर, ६ ऑक्टोबरला, तडजोड झाली. सेविकेचे मानधन पाच हजारांवरून साडेसहा हजार आणि मदतनिसाचे अडीच हजारांवरून साडेतीन हजार झाले. भाऊबीज एक हजारावरून दोन हजार झाली. म्हणजे ओवाळणीचा आकडासुद्धा बहिणींनी रस्त्यावर बसून ठरवून घेतला. यात कोणास कटुता दिसेल. आम्हांस यात एक प्रामाणिकपणा दिसतो : ज्या देण्याला ओवाळणीचे वस्त्र नेसविले होते, त्याच्या आत मजुरीची थकबाकी होती, आणि ती त्या बायकांनी ओळखली.

आपल्या धर्मपरंपरेत या ओळखीला आधार आहे. नाताळचा दुसरा दिवस, २६ डिसेंबर, हा संत स्तेफनचा सण. त्याचे रक्तसाक्षित्व आपण जाणतो. त्याची नोकरी आपण विसरतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात कथा आहे ती अशी : यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषिक विधवांची हेळसांड होते अशी कुरबूर उठली. प्रेषितांनी ती दडपली नाही, की तक्रार करणाऱ्यांना कृतज्ञतेचे धडे दिले नाहीत. त्यांनी सात माणसे निवडून त्या कामावर नेमली. स्तेफन त्यांतला पहिला. ख्रिस्तसभेचा पहिला रक्तसाक्षी हा आहारवाटप करणारा सेवक होता. इंग्लंडात याच दिवशी नोकरचाकरांना आणि निरोप्यांना पेटीतून पैसे देण्याची चाल पडली, आणि त्यावरून दिवसाचे नावच 'बॉक्सिंग डे' झाले. म्हणजे पोस्त तिकडेही होती.

परंतु पोस्तेने मजुरी फिटत नाही, हे पवित्र शास्त्र पुनःपुन्हा बजावते. मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, अशी अनुवादाच्या पुस्तकातील आज्ञा आहे. अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे कशी आक्रोश करते, हे याकोबाच्या पत्रात आहे. १५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात न्याय्य मजुरीचा प्रश्न ख्रिस्तसभेच्या मुख्य चिंतनात आणला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीचा जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्याच्या आठव्या परिच्छेदात तर याची थेट फोड आहे : न्यायाने जे देणे लागतो ते आधी चुकते करावे, तेच दान म्हणून पुढे करू नये. आणि २२ डिसेंबर २०१४ रोजी, धर्मपीठाच्या अधिकाऱ्यांना त्यांच्या पंधरा आजारांची यादी ऐकविल्यावर, पोप फ्रान्सिस त्याच दिवशी व्हॅटिकनच्या साध्या कर्मचाऱ्यांना त्यांच्या कुटुंबांसह भेटले. ज्यांचे काम कोणाच्या नजरेस पडत नाही त्यांचे त्यांनी आभार मानले आणि झाल्या-गेल्या चुकांची क्षमा मागितली. सणाच्या आभारात क्षमायाचनेलाही जागा असते, हे आम्हांस त्या प्रसंगातून उमगले.

आपल्या धर्मग्रामांतही नाताळच्या आधी लिफाफे तयार होतात. चर्चची झाडलोट करणारी बाई, बालवाडीतील ताई आणि मावशी, वृद्धाश्रमातील आया, दफनभूमी राखणारा म्हातारा : प्रत्येकाच्या नावाचा लिफाफा, केकचा तुकडा, पाद्रीबाबांचे दोन गोड शब्द. ही चाल चांगली आहे, तिने माणूस सुखावतो, आणि ती मोडावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण त्याच बालवाडीतील मावशीचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो की नाही, ती आजारी पडली तर तिचा दिवस मोडतो की कसे, हे विचारायला कार्यकारी मंडळाची डिसेंबरची सभा उत्तम असते. दिवस सणाचे असतात, मने मऊ असतात. ज्यांच्या घरातील मुलगी परिचारिका आहे किंवा बहीण संस्थेत समाजसेविका आहे, त्यांना हा प्रश्न कसा विचारावा हे शिकविण्याची गरज नाही.

डोळखांबच्या बाजूला एखाद्या धर्मग्रामाचे तरुण कपडे आणि खाऊ घेऊन जातात, तेव्हा पाड्यावर कोणाला काय हवे हे त्यांना ठाऊक नसते. सेविकेला विचारूनच वाटप होते. फोटोत ती कडेला उभी असते. आम्हांस वाटते की तिला मधे उभे करण्यापेक्षा तिला एक प्रश्न विचारावा : बाई, या महिन्याचे आले का? मानधन आणि आहाराची बिले लांबणे हा या व्यवस्थेचा जुना आजार आहे, आणि बिल लांबले तरी चूल थांबत नाही. दुकानदाराकडे उधारी तिच्या नावावर चढते.

२०२३ चा नाताळ तर राज्यातील सेविकांनी संपातच काढला. त्या वर्षी मार्चच्या अर्थसंकल्पात मानधन दहा हजार आणि साडेपाच हजार झाले होते. दिवाळीत भाऊबीजही मिळाली होती. तरीही शासकीय कर्मचाऱ्याचा दर्जा, निवृत्तिवेतन आणि न्यायालयाने मान्य केलेले उपदान यांसाठी ४ डिसेंबरपासून अंगणवाड्या बंद झाल्या. स्तेफनचा सण गेला, तीन राजांचा गेला, संक्रांत गेली. बावन्न दिवसांनी, २५ जानेवारी २०२४ रोजी, संप मागे घेण्यात आला. त्याच वर्षी जुलैत शासनाची 'लाडकी बहीण' योजना आली आणि गावोगावच्या बहिणींचे अर्ज भरण्याचे काम या बहिणींकडे आले, एका अर्जामागे ५० रुपये या दराने. ऑक्टोबर २०२४ पासून सेविकेचे मानधन १३ हजार आणि मदतनिसाचे साडेसात हजार झाले. योजनेला पन्नास वर्षे पूर्ण झाली, त्या २०२५ च्या दिवाळीसाठी राज्यातील दोन लाखांहून अधिक सेविका आणि मदतनीस यांच्या भाऊबिजेपोटी ४० कोटी ६१ लाख रुपये मंजूर झाले. प्रत्येकीच्या ताटात पडले ते दोन हजार. २०१७ साली ठरले होते तेवढेच.