सिगारच्या कारखान्यातले श्रोते

हाताने सिगार वळण्याच्या कामात आवाज फारसा होत नाही. तंबाखूची पाने दमट ठेवलेली असतात. कारागीर ती तळहातावर जुळवतो, त्यांच्यावर बांधणीचे पान गुंडाळतो, वरून तलम वेष्टन चढवतो आणि चंद्रकोरीसारख्या पात्याने टोक कापतो. या पात्याला क्युबात चावेता म्हणतात. कामाला बोटांचे कसब आणि डोळ्यांचा अंदाज लागतो. काही वर्षांत दोन्ही अंगवळणी पडले की मन दिवसभर रिकामे राहते. हवानातल्या कारखान्यांत शेकडो माणसे एकाच लांबरुंद दालनात, शाळेतल्यासारख्या बाकांच्या रांगांतून बसत. त्यांची मजुरी नगावर ठरलेली होती. म्हणून कामगार गप्प बसून काम करतो की काही ऐकत काम करतो, याने मालकाच्या हिशेबात फरक पडत नसे. दालनातली शांतता, एकत्र बैठक आणि नगावारी मजुरी या तिन्ही गोष्टी जुळून आल्यामुळेच एकोणिसाव्या शतकात तिथे एक विलक्षण प्रथा रुजली. कामगार कामाच्या वेळात एकाकडून पुस्तके मोठ्याने वाचून घेत आणि त्याचा पगार आपल्या खिशातून देत. या वाचणाऱ्याला स्पॅनिशमध्ये लेक्तोर म्हणतात.

क्युबाचे अभ्यासक फर्नांदो ओर्तिस यांनी तंबाखू आणि साखर या दोन पिकांवरच्या 1940 सालच्या आपल्या ग्रंथात या प्रथेची दखल घेतली आहे. साखर कारखान्यात यंत्रांच्या घरघरीपुढे माणसाचा आवाज टिकत नाही, म्हणून तिथे असे वाचन शक्यच नव्हते, हे त्यांचे निरीक्षण आहे. त्यांनी प्रथेचे मूळ ख्रिस्ती मठांच्या भोजनगृहांपर्यंत नेले आहे. तिथे जेवताना कोणीतरी धर्मग्रंथ वाचायचा आणि बाकीच्यांनी मौन पाळून ऐकायचे, असा नियम सहाव्या शतकापासून होता. मधला दुवा तुरुंगाचा. हवानाच्या तुरुंगात कैद्यांकडून सिगार वळवून घेत आणि काम चालू असताना त्यांना वाचून दाखवत. मठात आणि तुरुंगात काय ऐकायचे ते वरून ठरत असे, कारखान्यात मात्र ऐकणाऱ्यांनी ते स्वतः ठरवायला सुरुवात केली. पुढच्या सगळ्या संघर्षाचे मूळ याच फरकात आहे.

सुरुवात 1865 मध्ये झाली. सातुर्निनो मार्तिनेस नावाचा आस्तुरियाहून आलेला तरुण पार्तागासच्या कारखान्यात सिगार वळत असे आणि संध्याकाळी एका सार्वजनिक ग्रंथालयात काम करत असे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याने ‘ला आउरोरा’ हे कामगारांसाठीचे साप्ताहिक काढले. त्यात कविता असत, नाट्यपरीक्षणे असत आणि कामगारांसाठी रात्रशाळा हव्यात हा आग्रह असे. अडचण उघड होती, कारण ज्यांच्यासाठी पत्र निघत होते त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. त्यावर तोडगा म्हणून 21 डिसेंबर 1865 रोजी ‘एल फिगारो’ या कारखान्यात सुमारे 300 कामगारांनी आपल्यातल्याच एकाला वाचायला उभे केले. वाचण्यात त्याची जी मजुरी बुडेल ती बाकीच्यांनी वर्गणी काढून भरून द्यायची, असे ठरले. काही आठवड्यांतच पार्तागासचा कारखाना पुढे आला. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचावा म्हणून तिथे उंच चौथराही उभा राहिला. हा चौथरा पुढे प्रत्येक कारखान्याची ओळख झाला.

विरोध लगेच सुरू झाला. काही मालकांनी पुस्तके आधी आपल्याला दाखवावीत अशी अट घातली. ‘दियारिओ दे ला मारिना’ या सनातनी वृत्तपत्राने या वाचनावर टीकेची झोड उठवली. क्युबा तेव्हा स्पेनची वसाहत होती आणि तिथली गुलामगिरी कायद्याने संपायला 1886 उजाडायचे होते. अशा बेटावर कारागिरांनी इतिहास आणि राजकारण ऐकावे, त्यावर बोलावे, हे सत्तेला पेलणारे नव्हते. 1866 मध्येच सरकारी हुकमाने कारखान्यांतले वाचन बंद झाले. पहिला प्रयोग वर्षभरही टिकला नाही. 1868 मध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटले, ते दहा वर्षे चालले, आणि त्यानंतरच क्युबात चौथऱ्यांवर पुन्हा माणसे चढली.

मधल्या काळात प्रथा समुद्र ओलांडून गेली होती. युद्धामुळे हजारो सिगार कामगार फ्लोरिडातल्या की वेस्ट बेटावर गेले आणि लेक्तोरही त्यांच्याबरोबर गेला. होसे दोलोरेस पोयो हे तिथले नावाजलेले लेक्तोर. त्यांनी 1878 मध्ये ‘एल यारा’ हे स्वातंत्र्यवादी वृत्तपत्र सुरू केले. 1880 च्या दशकाच्या मध्यात विसेन्ते मार्तिनेस ईबोर या कारखानदाराने टँपाजवळ सिगार कामगारांची वसाहत वसवली, तीच ईबोर सिटी. तिथे क्युबन, स्पॅनिश आणि सिसिलीहून आलेले इटालियन एकाच बाकावर बसत. त्यांतल्या अनेक इटालियनांना स्पॅनिश भाषा कोणी शिकवली नाही, ती कादंबऱ्या ऐकता ऐकता त्यांच्या कानात बसली. 1891 च्या नोव्हेंबरमध्ये कवी आणि क्रांतिकारक होसे मार्ती टँपात आले तेव्हा त्यांच्यासमोर बसलेला श्रोता वर्षानुवर्षे ऐकून तयार झालेला होता. मार्तींनी पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेले ‘पात्रिया’ हे पत्र चौथऱ्यांवरून वाचले जाई आणि क्रांतीसाठी कामगार मजुरीतला वाटा बाजूला काढत. स्पेनने 1896 मध्ये क्युबातले वाचन पुन्हा बंद केले. कारखान्यातून चळवळीला माणसे आणि पैसा मिळतो, हे सरकारला पुरते कळले होते.

कारभार कसा चाले हे समजून घेतले तर या प्रथेची ताकद कळते. कामगार एक समिती निवडत. लेक्तोरची जागा रिकामी झाली की उमेदवारांना चौथऱ्यावर बोलावून वाचायला लावत आणि मग मतदान होई. नुसता खणखणीत आवाज पुरत नसे. ध्वनिक्षेपक नसताना शंभर फुटांवरच्या माणसाला प्रत्येक शब्द कळला पाहिजे, संवादात पात्रे वेगळी ओळखू आली पाहिजेत, आणि परभाषेतले वृत्तपत्र समोर असेल तर ते तिथल्या तिथे स्पॅनिशमध्ये सांगता आले पाहिजे, अशी अपेक्षा असे. वर्गणी दर आठवड्याला गोळा होई. चांगल्या लेक्तोरची कमाई कुशल कारागिराच्या तोडीची किंवा त्याहून जास्त असे. सकाळी वर्तमानपत्रे, नंतर कामगार चळवळीची पत्रके किंवा वैचारिक ग्रंथ आणि दुपारी कादंबरी, असा साधारण क्रम असे. कोणती कादंबरी लावायची हेही बहुमताने ठरे.

निवडीत अभिजात साहित्याला मोठे स्थान होते. सर्व्हान्तेसचा ‘दोन किहोते’, व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’, द्यूमाची ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’, झोला, टॉल्स्टॉय आणि स्पेनचा पेरेस गाल्दोस यांची पुस्तके वारंवार लावली जात. त्यांच्याबरोबर क्रोपोत्किन आणि बाकुनिन यांचे अराजकवादी विचारही ऐकले जात. निरक्षर माणसाला जड पुस्तक पेलत नाही हा समज या दालनांनी खोटा पाडला. ‘ले मिझराब्ल’सारखी कादंबरी रोज थोडी थोडी ऐकायची म्हणजे महिनोन्‌महिने तिच्या सोबत राहायचे. अनेक कामगारांना ‘दोन किहोते’मधले उतारेच्या उतारे तोंडपाठ होते.

श्रोत्यांची दाद द्यायची रीत त्यांच्या कामातूनच आली. उतारा आवडला की कारागीर हातातला चावेता समोरच्या लाकडी फळीवर आपटत. शेकडो पात्यांचा तो खडखडाट ही लेक्तोरची टाळी. वाचन फसले, मजकूर पटला नाही, की पाती जमिनीवर टाकली जात. त्या आवाजाचा अर्थ चौथऱ्यावरच्या माणसाला लगेच कळे. वाचन चालू असताना बोलायचे नाही, हा शिष्टाचार होता. बोलणे नंतर होई, आणि मग वादाला अंत नसे. पुस्तकातल्या एखाद्या पात्राने जे केले ते बरोबर की चूक, यावर बाके दोन तटांत विभागली जात आणि तो वाद घरापर्यंत पोचे. ज्यांनी त्या दिवशी काही ऐकले नव्हते त्या घरच्या माणसांनाही संध्याकाळी कथानक कळे.

या ऐकण्याचा एकेका माणसावर काय परिणाम झाला, याच्या काही लिखित साक्षी आहेत. पोर्तो रिकोचा बेर्नार्दो वेगा 1916 मध्ये न्यूयॉर्कला आला आणि तिथल्या सिगार कारखान्यात कामाला लागला. आपल्या आठवणींत त्याने सकाळच्या आणि दुपारच्या वाचनाचे बारकाईने वर्णन केले आहे. एकदा वैचारिक ग्रंथ, एकदा कादंबरी, अशी पाळी असे. वाचून झाल्यावर वाद पेटला तर शब्दकोश किंवा संदर्भग्रंथ काढून तो तिथेच मिटवला जाई. हेसूस कोलोन या लेखकाची आठवण आणखी बोलकी आहे. त्याचे बालपण पोर्तो रिकोतल्या कायेय गावात गेले. घराजवळच्या कारखान्याच्या खिडकीतून लेक्तोरचा आवाज येई. तो कान देऊन ऐकता ऐकता मुलगा झोला, बाल्झाक, ह्यूगो आणि मार्क्सपर्यंत पोचला. 1961 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात तो आवाज आयुष्यभर सोबत राहिल्याचे त्याने लिहिले आहे. वर्गणी न भरणाऱ्या, कारखान्यात पाऊलही न टाकलेल्या मुलापर्यंत पुस्तके पोचली, हे या प्रथेचे मोठे यश मानायला हवे. अमेरिकन कामगार नेता सॅम्युअल गॉम्पर्स हाही मूळचा सिगार कामगार. न्यूयॉर्कच्या कारखान्यात सहकाऱ्यांसाठी आपण वाचत असू आणि त्या वेळाच्या बदल्यात ते आपल्याला त्यांनी वळलेले सिगार देत, असे त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे.

चौथऱ्यावर स्त्रिया फार कमी वेळा दिसत. पानांच्या शिरा काढण्याच्या कामात मात्र त्या मोठ्या संख्येने होत्या. लुइसा कापेतियो हे ठळक अपवादाचे नाव. पोर्तो रिकोत जन्मलेल्या या कामगार नेत्या आणि लेखिकेने तिथल्या आणि ईबोर सिटीतल्या कारखान्यांत लेक्तोर म्हणून काम केले. पुरुषी विजार घालून रस्त्यावर आल्याबद्दल 1915 मध्ये तिला हवानात अटक झाली होती.

कामगारांना आवडलेली पुस्तके सिगारच्या खोक्यांवरही उतरली. 1935 मध्ये हवानात ‘मोन्तेक्रिस्तो’ ही छाप बाजारात आली. तिचे नाव द्यूमाच्या कादंबरीवरून पडले, आणि ही कादंबरी कारखान्यात वळणाऱ्यांची लाडकी होती म्हणून ते निवडले, असे परंपरेने सांगतात.

ईबोर सिटीतला शेवट 1931 मध्ये झाला. मंदी आलेली, सिगरेटचा खप वाढलेला, यंत्रे येऊ लागलेली. अशा वेळी कारखानदारांनी लेक्तोर साम्यवादी प्रचार करतात असा आरोप करून नोव्हेंबरमध्ये चौथरे काढून टाकले. कामगार संपावर गेले. वाचन चालावे म्हणून काम बंद करणारे कामगार इतिहासात दुर्मीळ आहेत. पण संप फसला आणि रिकाम्या जागी रेडिओ आले. मालकाला रेडिओ सोयीचा होता, कारण त्याचा खर्च कमी आणि त्याची निवड कामगारांच्या हाती नव्हती. बेकार झालेल्या लेक्तोरांनी जमेल तो व्यवसाय धरला. व्हिक्तोरियानो मान्तेइगा यांनी 1922 मध्येच ‘ला गासेता’ हे वृत्तपत्र काढले होते, त्यामुळे त्यांचा आवाज छापील रूपात टँपात टिकला.

क्युबात रेडिओने लेक्तोरला हटवले नाही. 1923 मध्ये हवानातल्या एका कारखान्यात पहिला रेडिओ आला, पण तिथे दोघांनी दिवस वाटून घेतला. 1948 मध्ये गाजलेली ‘एल देरेचो दे नासेर’सारखी रेडिओ मालिका लागली की तेवढा वेळ लेक्तोर थांबे. ध्वनिक्षेपक आल्यावर घसा फोडायची गरज उरली नाही, तसा उमेदवारीचा एक निकषही बदलला आणि बारीक आवाजाच्या माणसांना वाट मोकळी झाली. 1959 च्या क्रांतीनंतर कारखाने सरकारजमा झाले आणि लेक्तोर पगारी कर्मचारी झाला. वर्गणी बंद झाल्याने त्याला स्थैर्य मिळाले, पण श्रोत्यांच्या हातातला मोठा अधिकार कमी झाला, कारण पैसे थांबवून नापसंती दाखवणे आता शक्य नव्हते. सकाळच्या वाचनात ‘ग्रान्मा’ हे कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र आले. कादंबरीच्या निवडीत मात्र कामगारांचे मत घेण्याची रीत चालू राहिली.

भारतात याच्याशी जवळचे नाते सांगणारी प्रथा केरळमध्ये होती. कण्णूर भागातल्या विडी कारखान्यांत एक कामगार वर्तमानपत्र आणि पुस्तके मोठ्याने वाची आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून देत. क्युबाचे तिथे कोणी अनुकरण केल्याचे दिसत नाही. शांत दालन, एकत्र बैठक आणि नगावारी मजुरी हे तेच तीन घटक तिथेही होते, आणि श्रोत्यांचा निर्धारही तोच.

आज ध्वनिपुस्तक ऐकणारा माणूस कानात बोंडे घालून एकटा ऐकतो. आवडले नाही तर तो पुढे सरकतो, आणि त्याचे मत निवेदकाला कळले तरी फार उशिरा कळते. हवानाच्या दालनात निवेदक समोर असे, मत त्याच क्षणी ऐकू येई आणि ते तीनशे जणांचे मिळून असे. म्हणून ध्वनिपुस्तकाचा इतिहास केवळ एडिसनच्या फोनोग्राफपासून मोजणे अपुरे आहे. ध्वनिमुद्रणाच्या आधी बारा वर्षे, यंत्राविना, सबंध पुस्तके नियमितपणे ऐकणारा आणि त्यांच्यासाठी पैसे मोजणारा श्रोतृवर्ग क्युबात तयार झाला होता.

क्युबातल्या सिगार कारखान्यांत अजूनही लेक्तोर आहेत आणि त्यांत आता स्त्रियांची संख्या मोठी आहे. दिवसातून ठरावीक वेळा बातम्या, मग कादंबरी, हा क्रम कायम आहे. 2012 मध्ये क्युबाने या वाचनाला राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. दाद आजही फळीवर चावेता आपटूनच दिली जाते.