मेळघाटातील बालदारिद्र्य व मजुरीचे दिनमान

प्रथम संज्ञा निश्चित करू. ‘पर्यटनावलंबी’ हे विशेषण दोन अर्थांनी संभवते : (1) जेथे बहुसंख्य रहिवाशांची उपजीविका प्रवाशांच्या खर्चावर चालते असा प्रदेश, (2) जेथे भूमीचा विनियोग प्रवासी व त्यांनी पाहावयाची निसर्गसंपत्ती यांच्या अनुरोधाने ठरतो असा प्रदेश. गोव्याच्या किनारपट्टीस पहिला अर्थ लागू पडतो. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा व धारणी हे तालुके, तसेच अकोल्याच्या अकोट तालुक्यातील शहानूर-नरनाळा पट्टा, यांस दुसरा. 1974 मध्ये स्थापन झालेल्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा मूळ हेतू संरक्षण हा होय, पर्यटन नव्हे, असा आक्षेप घेता येईल. तो योग्यच आहे. परंतु वनात जाण्यास प्रतिबंध झालेल्या कोरकू आदिवासी मजुराच्या दृष्टीने या दोन हेतूंतील भेद निष्फळ ठरतो.

‘बालदारिद्र्य’ व ‘बालमजुरी’ हेही भिन्न आहेत. चौदा वर्षांखालील मुलांस हॉटेल, ढाबा, चहाची टपरी येथे कामास ठेवण्यावर 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. ती पूर्णतः पाळली गेली तरी प्रस्तुत प्रश्न सुटत नाही. येथील दारिद्र्याचा आघात सहा वर्षांखालील, त्यातही दोन-तीन वर्षांखालील बालकांवर होतो, आणि ही बालके काहीच कमावीत नाहीत. त्यांचे दारिद्र्य दोन गोष्टींनी मोजावे लागते : घरातील धान्य आणि आईचा वेळ.

आता मजुरी. तिचे घटक तीन : दर, दिवस व चुकारा. दराविषयी किमान वेतनाचा कायदा 1948 पासून आहे आणि चर्चा बहुधा तेथेच थांबते. वस्तुतः वर्षाचे उत्पन्न दर व दिवस यांच्या गुणाकाराने ठरते. दर दुप्पट होऊन दिवस निम्मे झाले, तर घरात एक दाणाही अधिक येत नाही.

दिवसांचा विचार ऋतुक्रमाने केला पाहिजे. चिखलदऱ्यास सर्वाधिक गर्दी पावसाळ्यात, तीही शनिवार-रविवारी. व्याघ्र प्रकल्पातील सफारी मात्र पावसाळ्यात बहुतांशी बंद. म्हणजे जिप्सी व मार्गदर्शक यांचे काम त्याच काळात खंडित. भांडी घासणे, खोल्या झाडणे, मक्याची कणसे भाजून विकणे, ही कोरकू कुटुंबांच्या वाट्याची कामे आठवड्याला दोन दिवसांची. उरलेले दिवस परक्या शेतात पेरणी-निंदणीचे. याच महिन्यांत मागील हंगामाचे धान्य संपलेले असते, नाल्यांच्या पुराने वाटा तुटतात, अतिसार, न्यूमोनिया व हिवताप बळावतात आणि आई दिवसभर घराबाहेर असते. बालमृत्यूंची तीव्रता पावसाळ्यात वाढते, ती या चारही गोष्टींच्या संयोगाने. एकच पाऊस पर्यटकांचा हंगाम आणि बालकांचा दुष्काळ आणतो. हा योगायोग नसून पर्यटनाचे उत्पन्न त्या घरांपर्यंत पोहोचत नसल्याचा पुरावा आहे.

दिवाळीनंतर दुसरी अवस्था सुरू होते. गावाच्या भाषेत हे ‘जगायला जाणे’. अमरावती, अकोला, परतवाडा या बाजूंच्या वीटभट्ट्या व शेते येथे कुटुंबेच्या कुटुंबे उतरतात आणि होळीला परततात, कारण होळी हा कोरकूंचा मुख्य सण. मूल बरोबर जाते. त्याचे नाव मात्र गावच्या अंगणवाडीत राहते. वजनाची नोंद खंडित होते, आहार मिळत नाही. 2015 मध्ये सुरू झालेली अमृत आहार योजना गरोदर व स्तनदा मातांस दिवसाला एक पूर्ण जेवण देते. त्या जेवणासाठी माता गावात असणे ही योजनेची अव्यक्त अट आहे. गावात राहण्यासाठी काम हवे, आणि कामाचा चुकारा वेळेवर हवा. रोजगार हमीच्या मजुरीस कायद्याने पंधरा दिवसांची मुदत आहे. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) मात्र आधीच हाती पडते, म्हणून कुटुंब मुकादमाची निवड करते. या निवडीस अज्ञान म्हणणे हे गणिताचे अज्ञान होय.

व्याघ्र प्रकल्पातील गावांचे पुनर्वसन हा वेगळा प्रकार. 2008 पासून प्रतिकुटुंब दहा लाख रुपयांचा पर्याय घेऊन गुल्लरघाट, सोमठाणा आदी गावे अकोट तालुक्यातील सपाटीवर आली. रक्कम एकदाच मिळते. मोहफूल, कंद, मासे, सरपण यांचे मूल्य दरवर्षीचे होते. त्या वार्षिक मूल्याची भरपाई एकदाच मिळालेल्या रकमेने होत नाही. काही कुटुंबे पुढे जंगलात परतली, त्याचे कारण येथे शोधावे.

उलट उदाहरण पायविहीर या गावाचे. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर त्या गावाने सीताफळ व तेंदूपानाची विक्री स्वतः हाती घेतली आणि रोपवनाचे काम गावातच निर्माण केले. दर वाढला की नाही हा गौण प्रश्न. कामाचे दिवस गावात वाढले. मात्र वनहक्क कायदा 2006 चा हा उपयोग प्रकल्पाच्या बाहेरील वनात सुकर आहे. गाभा क्षेत्रातून तेंदूपान तोडता येत नाही, आणि त्या क्षेत्रालगतच्या गावांपुढे दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक हाच पर्याय उरतो.