सपाट रानांतील वाट आणि डोंगरी सायकल

वस्तूच्या नांवांतच तिची सारी कहाणी सांठविलेली असते, असें मानण्याची मनुष्याला फार जुनी खोड आहे. 'माउंटन बाइक' म्हणजे डोंगरी सायकल हें नांव एकदां रूढ झालें, आणि ही सायकल डोंगरावरच चालवावयाची, सपाटीवर ती नेणें म्हणजे तलवारीनें भाजी चिरणें होय, असा समज पसरला. प्रत्यक्षांत मात्र ज्या देशांत ही सायकल घरोघर पोंचली, तेथील पुष्कळसे लोक मोठ्या शहरांच्या आसपास राहतात, आणि शहराच्या वेशीवर डोंगर क्वचितच असतो. त्यांच्या वांट्याला येतें तें एखादें सपाट रान. आणि तेंही मोकळें नव्हे. या फांट्यावर सायकलीला बंदी, त्या फांट्यावर घोडेस्वाराला आधीं वाट द्यावी, पलीकडच्या भागांत पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत जाऊं नये, अशा पाट्या तेथें जागोजाग असतात. चढ नाहीं, उतार नाहीं, आणि मनास येईल तिकडे वळण्याची मुभाही नाहीं. मग अशा रानांत डोंगरी सायकल घेऊन जाण्यांत स्वारस्य तें काय उरलें, असा प्रश्न सहजच उभा राहतो. त्याचें उत्तर तर्कानें देण्यापेक्षां इतिहासाकडून घेणें अधिक श्रेयस्कर.

हा इतिहास डोंगरापासून सुरू होत नाहीं. इ. स. १८८५ मध्यें कॉव्हेंट्री येथें जॉन केंप स्टार्ली यानें दोन सारख्या चाकांची 'रोव्हर' सायकल तयार केली, आणि १८८८ मध्यें डनलॉप यानें हवा भरलेल्या रबरी धांवेचा शोध नोंदविला. त्या काळीं डांबरी रस्ते जवळजवळ नव्हतेच. धूळ, चिखल, दगड आणि चाकोऱ्या यांतूनच सायकलस्वाराला जावें लागे. १८९७ मध्यें अमेरिकेच्या पंचविसाव्या पायदळ पलटणींतील वीस कृष्णवर्णीय शिपायांनीं लेफ्टनंट मॉस याच्या हुकमतीखालीं माँटाना प्रांतांतून निघून सेंट लुई शहरापर्यंत सुमारें १९०० मैलांची मजल सायकलींवरून मारली. पुढें फ्रान्समध्यें दानिएल गूसो याच्या प्रयत्नानें १९०२ मध्यें 'सायक्लो-क्रॉस' या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. शेतें, रानें आणि ओढे ओलांडीत, अडेल तेथें सायकल खांद्यावर घेऊन धांवत जावयाचें, असा हा खेळ. तो सपाट प्रदेशांतही जोमानें रुजला. बेल्जियम आणि हॉलंड हीं त्याचीं माहेरघरें बनलीं. म्हणजे आडवाटेनें सायकल चालविण्याची हौस डोंगरी सायकलीपेक्षां पाऊणशें वर्षांनीं तरी वडील आहे, आणि तिच्या जन्मपत्रिकेंत डोंगराचें नांव नाहीं.

डोंगर या कथेंत येतो तो कॅलिफोर्नियांत. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन नांवाचा जिल्हा आहे. तेथील टॅमल्पायस पर्वताच्या परिसरांत वणवे विझविणाऱ्या गाड्यांसाठीं कच्चे रस्ते केलेले होते. कांहीं तरुण मंडळी जुन्या, जाडजूड धांवांच्या सायकली घेऊन त्या रस्त्यांवरून खालीं झेपावूं लागली. १९७६ च्या ऑक्टोबरांत तेथें पहिली शर्यत झाली. सुमारें दोन मैलांत तेराशें फूट उतरणाऱ्या त्या वाटेवर मागच्या चाकांतील ब्रेक इतका तापे कीं, त्यांतील वंगण जळून जाई. प्रत्येक खेपेनंतर तें नव्यानें भरावें लागे. म्हणून त्या वाटेचें नांवच 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हां वंगण भरा', असें पडलें. १९७७ मध्यें जो ब्रीझ यानें या कामासाठीं मुद्दाम नवा सांगाडा बांधला. १९७९ मध्यें गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनीं या सायकली विकण्याचा व्यवसाय मांडला. १९८० नंतर कारखान्यांतून त्या मोठ्या संख्येनें बाहेर पडूं लागल्या, आणि त्यांच्याबरोबर मरिनच्या उताराचें चित्रही जगभर गेलें. खरी सायकलस्वारी म्हणजे वेगानें डोंगर उतरणें, ही कल्पना तेव्हांपासूनची.

परंतु निर्बंधांचा जन्मही त्याच डोंगरावर झाला, हें विसरतां कामा नये. अरुंद पाऊलवाटांवरून चालणारे वृद्ध, मुलें घेऊन निघालेलीं कुटुंबें आणि घोड्यावरून फिरणारे लोक यांच्या अंगावर वळणावळणांतून सायकली येऊं लागल्या. तक्रारी झाल्या, भांडणें झालीं. मरिनमधील पुष्कळ अरुंद वाटा सायकलींना बंद करण्यांत आल्या. रुंद कच्च्या रस्त्यांवर ताशीं १५ मैलांची मर्यादा घालण्यांत आली. अमेरिकेच्या १९६४ च्या अरण्यरक्षण कायद्यानें राखीव अरण्यांत यांत्रिक वाहतुकीस मनाई केली होती; १९८४ मध्यें वनखात्याच्या नियमांनीं सायकलही त्या मनाईंत येते, हें स्पष्ट केलें. तेव्हां १९८८ मध्यें कॅलिफोर्नियांतील सायकलमंडळांनीं एकत्र येऊन आपली एक संस्था स्थापिली. वाटा बंद होऊं नयेत म्हणून स्वारांना सभ्यपणा शिकविणें आणि स्वतःच्या हातांनीं वाटा दुरुस्त करणें, हें तिनें आपलें कार्य मानलें. ज्या खेळाची सुरुवात बेफामपणानें झाली, त्याला अवघ्या बारा वर्षांत कुदळ आणि फावडें हातीं घ्यावें लागलें.

इंग्लंडांत प्रश्नाचें रूप निराळें होतें. तेथें प्रत्येक वाटेला कायद्यानें जात आहे. पायवाटेवर फक्त पादचाऱ्याचा हक्क. घोडवाटेवर पादचारी आणि घोडेस्वार या दोघांचा. १९६८ च्या ग्रामीण प्रदेशविषयक कायद्यानें सायकलस्वाराला घोडवाटेवरून जाण्याची परवानगी दिली, पण दोन अटी घातल्या. पादचारी व घोडेस्वार यांस त्यानें आधीं वाट द्यावी. आणि त्याच्या सोयीसाठीं वाट सुधारण्याचें कोणतेंही बंधन सरकारी अधिकाऱ्यांवर राहणार नाहीं. थोडक्यांत, पाहुण्याला ओसरीवर जागा मिळाली, माजघरांत नाहीं. याच्या उलट स्कॉटलंडांत २००३ च्या कायद्यानें जबाबदारीनें वागणाऱ्या सायकलस्वाराला बहुतेक सर्व मोकळ्या भूमीवर हिंडण्याचा हक्क मिळाला. एकाच बेटावर दोन न्याय नांदत आहेत. आणि लंडन शहराच्या वांट्यास आलेला न्याय संकुचित आहे.

तथापि निर्बंध म्हणजे केवळ अधिकाऱ्यांची लहर, असें मानणें अन्यायाचें होईल. लंडनच्या ईशान्येस एपिंगचें रान आहे. एकोणिसाव्या शतकांत जमीनदारांनीं कुंपणें घालून तें गिळंकृत करण्याचा सपाटा चालविला होता. लाउटन गांवच्या गरीब लोकांना हिवाळ्यांत झाडांच्या फांद्या तोडून सरपण नेण्याचा परंपरागत हक्क होता. त्या हक्कासाठीं थॉमस विलिंगेल या मजुराचें कुटुंब जमीनदारांशीं झगडलें, आणि त्यांतील कांहीं जणांना तुरुंगवासही घडला. पुढें लंडनच्या नगरसंस्थेनें न्यायालयांत धांव घेतली. १८७४ मध्यें तीं कुंपणें बेकायदा ठरलीं, आणि १८७८ च्या कायद्यानें तें रान कायमचें लोकांसाठीं राखलें गेलें. आज तेथें सायकलस्वारास बऱ्याच भागांत मोकळीक आहे. परंतु अँब्रेसबरी बँक्ससारख्या लोहयुगीन तटबंदीवर त्याला जातां येत नाहीं. दोन हजार वर्षांहून जुनी मातीची भिंत चाकांखालीं झिजूं लागली, तर ती पुन्हां कोणी उभारूं शकणार नाहीं. ज्या रानांत गरिबांनीं तुरुंग सोसून वाट मोकळी ठेवली, त्या रानांत एवढा संयम कोणीही सुखानें पाळावा.

पूर्व इंग्लंडांतील थेटफर्डचें रान तर मनुष्यानेंच लावलेलें आहे. पहिल्या महायुद्धांत लांकडाचा तुटवडा भासला, म्हणून १९१९ मध्यें वनआयोग स्थापन झाला, आणि १९२२ पासून या वालुकामय माळावर पाइन वृक्षांची लागवड सुरू झाली. प्रदेश जवळजवळ सपाट. परंतु या वालुकामय जमिनींत पाणी सांचून राहत नाहीं. त्यामुळें भर हिवाळ्यांत, जेव्हां चिकणमातीच्या रानांत चाक रुततें, तेव्हां थेटफर्डच्या वाटा चालत्या राहतात. तेथें झाडें तोडलेल्या मोकळ्या जागीं नाइटजार आणि वुडलार्क हे पक्षी जमिनीवरच अंडीं घालतात. त्यांच्यासाठीं कांहीं भाग जपावा लागतो, आणि वृक्षतोड चालू असतां कांहीं वाटा बंद ठेवाव्या लागतात. येथें निर्बंध हा रानाच्या जीवनक्रमाचाच एक भाग झालेला आहे.

आतां सपाटीचा आक्षेप. चढ नसेल तर श्रम कसले आणि कौशल्य कसलें, असें पुष्कळांस वाटतें. यावर थोडा हिशेब करून पाहणें उपयुक्त ठरेल. स्वार व सायकल मिळून ८० किलोग्रॅम वजन धरलें, तर तें १०० मीटर उंच चढविण्यास सुमारें ७८ हजार ज्यूल शक्ति खर्च होते. आतां तोच स्वार सपाट रानांत ताशीं २० किलोमीटर वेगानें जात आहे, आणि झाडांमधील प्रत्येक अवघड वळणावर ब्रेक दाबून वेग १० किलोमीटरपर्यंत उतरवीत आहे, अशी कल्पना करावी. प्रत्येक खेपेस सुमारें ९३० ज्यूल वांया जातात, आणि पुन्हां वेग घेण्यासाठीं ते पायांनींच भरून काढावे लागतात. अशीं सुमारें ८५ वळणें झालीं कीं, १०० मीटरांची चढण चढल्याइतकेच श्रम पडतात. वाळूचें आणि मुळ्यांचें घर्षण तें निराळेंच. शिवाय डोंगरावर चढ संपला कीं उतारावर पाय विसावतात. सपाटीवर तसा विसांवा नाहीं. म्हणून येथें खरें कौशल्य वेग वाढविण्यांत नसून तो न गमावण्यांत आहे. वळण दुरून ओळखणें, योग्य रेषा धरणें, शरीराचा तोल सांवरणें आणि ब्रेकला शक्य तितका कमी हात लावणें, ही विद्या उतारावर झांकून जाते. सपाटीवर तिची उणीव तत्काळ उघडी पडते. ज्याला हें साधत नाहीं तो रानाला कंटाळवाणें म्हणतो. नाचतां येईना अंगण वांकडें, अशांतलाच हा प्रकार!

हॉलंडचें उदाहरण या दृष्टीनें बोलकें आहे. त्या देशाच्या युरोपांतील भूमीवरील अत्युच्च स्थान अवघें ३२२ मीटर उंचीचें आहे. व्हेलुव आणि उट्रेक्ट या भागांतील रानें म्हणजे हिमयुगांत बर्फानें लोटून आणलेल्या वाळूचे ठेंगणे उंचवटे. तरीही १९९६ मध्यें अटलांटाच्या ऑलिंपिक सामन्यांत डोंगरी सायकलीची शर्यत प्रथम समाविष्ट झाली, तेव्हां पुरुषांचें पहिलें सुवर्णपदक बार्ट ब्रेंट्येन्स या डच स्वारानें पटकाविलें. एका पदकानें सिद्धांत ठरत नाहीं हें खरें. पण सपाट देशांत हा खेळ रुजूंच शकत नाहीं, हें म्हणणें मात्र त्यानें कायमचें खोडून काढलें. तेथील कांहीं रानांत सायकलस्वाराला वार्षिक शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो, आणि आंखून दिलेल्या वाटेवरूनच जावें लागतें. त्या शुल्कांतून वाटांची निगा राखली जाते. निर्बंध आहे, पण त्याचें फळ स्वाराच्या चाकाखालींच दिसतें.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठीं एसेक्स परगण्यांतील वील्ड नांवाचें उद्यान प्रथम सुचविण्यांत आलें होतें. तें पुरेसें अवघड नाहीं, असा अभिप्राय आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनें दिल्यामुळें २००८ मध्यें तें सोडून द्यावें लागलें. मग त्याच परगण्यांतील हॅडली येथें, मुक्तिफौजेच्या शेतजमिनीवर, दगड आणून अवघड मार्ग बांधण्यांत आला. तेथें १२ ऑगस्ट २०१२ रोजीं चेक स्वार कुल्हावी यानें स्विस स्वार शुर्टर यास अवघ्या एका सेकंदानें मागें टाकलें. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. निव्वळ सपाटी सर्वोच्च कसोटीस पुरी पडत नाहीं, ही एक. आणि लहानशा टेकडीवरही बुद्धीनें बांधलेली वाट जगांतील उत्तमोत्तम स्वारांचा कस पाहूं शकते, ही दुसरी.

या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष काय? सपाट रान कमी प्रतीचें नाहीं, तें निराळ्या प्रतीचें आहे. उंचावरून झेपावण्याचा थरार तेथें मिळणार नाहीं, आणि तो मिळेल असें कोणी सांगितल्यास ती फसवणूक होईल. मात्र कचेरीचें काम आटोपून दिवेलागणीपूर्वीं तासभर जातां येईल, मुलाला प्रथम तोल सांवरावयास शिकवितां येईल, अशी वाट दूरच्या पर्वतापेक्षां अधिक वेळां उपयोगी पडते. निर्बंधांची पारख मात्र केलीच पाहिजे. १९९४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या माँटानांतील एका पाहणींत ओल्या वाटेवरची माती चाकांपेक्षां पावलांनीं व खुरांनींच अधिक सुटी होते, असें आढळलें. तेव्हां केवळ माती झिजते या सबबीवर एकट्या सायकलीला हांकलून देणें न्याय्य नाहीं. पण पक्ष्याचें घरटें, पुरातन तटबंदी आणि चालणाऱ्या वृद्धाचा निर्धास्तपणा यांसाठीं घातलेलें बंधन स्वारानें आपणहून पाळावें. एपिंगचें रान आज उभें आहे तें कोणा स्वाराच्या वेगामुळें नव्हे, तर तें सर्वांचें आहे असें मानणाऱ्या लोकांच्या चिकाटीमुळें. ज्या वाटेवर थोडें थांबून दुसऱ्याला पुढें जाऊं द्यावें लागतें, ती वाट पुढच्या पिढीसाठींही उघडी राहण्याचा संभव अधिक असतो.