आर्जिरोडाइट : हरवलेल्या सात भागांची कथा

जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात फ्रायबेर्ग नावाचे एक जुने गाव आहे. इ. स. ११६८ च्या सुमारास तेथे चांदी सापडली, आणि पुढे कित्येक शतके खाणकऱ्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या या चांदीवर पोसल्या गेल्या. १७६५ मध्ये तेथे खाणविद्येची एक उच्च शिक्षणसंस्था स्थापन झाली. तेथील भूगर्भाची इतकी बारकाईने पाहणी झालेली होती की, परिचित नसलेला दगड हाती येणे ही अपूर्वाईची गोष्ट ठरावी. १८८५ साली अशी अपूर्वाई घडली. गावाजवळील ‘हिमेल्सफ्युर्स्ट’, म्हणजे ‘स्वर्गाधिपती’, या नावाच्या खाणीत एक अनोळखी खनिज सापडले.

खनिजशास्त्राचे अध्यापक आल्बिन वाइसबाख यांनी ते तपासले. नुकत्याच फोडलेल्या तुकड्याचा रंग पोलादासारखा करडा असून त्यावर किंचित तांबूस झाक होती. परंतु काही काळ गेला की तो काळवंडत असे. चाकूने सहज ओरखडा उमटावा इतके ते मऊ, आणि पाण्याच्या सहापटीहून अधिक जड होते. त्यात चांदी विपुल असल्यामुळे वाइसबाखने ग्रीक भाषेतील ‘रौप्यसंपन्न’ या अर्थाच्या शब्दावरून त्यास ‘आर्जिरोडाइट’ हे नाव दिले.

जुन्या खनिजग्रंथांत या दगडाची गणना सल्फोसॉल्ट या वर्गात केलेली आढळते. सामान्य क्षारांपैकी पुष्कळांत जे काम प्राणवायू करतो, तेच या वर्गातील खनिजांत गंधक करतो. एका बाजूस चांदी, तांबे किंवा शिसे यांसारखा धातू. दुसऱ्या बाजूस सोमल किंवा अँटिमनी यांसारखे अर्धवट धातुरूप द्रव्य. आणि गंधक या दोहोंना एकत्र बांधणारा. माणकासारख्या लाल रंगाचे प्रूस्टाइट हे चांदीचे प्रसिद्ध खनिज याच कुळातले. त्यात दुसरे स्थान सोमलाचे असते. आर्जिरोडाइटमध्ये चांदी होती, गंधक होता. मग सोमलाच्या जागी कोण बसले होते?

हा प्रश्न क्लेमेन्स विंक्लर या रसायनज्ञाच्या वाट्यास आला. त्याने खनिजाचे पृथक्करण केले, तेव्हा शंभर भागांत चांदी सुमारे पाऊणशे भाग, गंधक सतरा भाग, आणि लोह, पारा व जस्त अगदी अल्प प्रमाणात मिळाले. बेरीज झाली त्र्याण्णव. उरलेले सात भाग कोठे गेले? सोनाराच्या तराजूत तोळ्यामागे गुंजभर घट आली तर ती मुशीला चिकटली असे समजून सोडून देता येते. परंतु शंभरांत सातांची घट ही डोळेझाक करण्याजोगी नव्हे. विंक्लरने प्रयोग पुन्हा पुन्हा केला, आणि प्रत्येक वेळी तेच सात भाग हुलकावणी देऊन गेले.

अखेर त्याने खनिजाची पूड सोडा व गंधक यांच्याबरोबर वितळवून पाण्यात विरघळविली. त्या द्रवात प्रथम बेताचे आम्ल घालून सोमल व अँटिमनी यांचा साका वेगळा काढला. मग राहिलेल्या द्रवात हायड्रोक्लोरिक आम्ल भरपूर ओतले, तेव्हा पांढराशुभ्र साका खाली बसला. आतापर्यंतच्या चकव्याचे कारण तेथे उघड झाले. हा गंधकयुक्त पदार्थ पाण्यात व सौम्य आम्लात विरघळणारा असल्यामुळे नेहमीच्या रीतीत हाती न लागता धुऊन जात असे. ६ फेब्रुवारी १८८६ रोजी विंक्लरची खात्री झाली की, आपल्यासमोर एक नवे मूलद्रव्य आहे.

या मूलद्रव्याचे वर्णन मात्र पंधरा वर्षे आधीच लिहून ठेवलेले होते. रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह याने १८६९ मध्ये मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडली. तीत काही घरे रिकामी राहिली, आणि १८७१ मध्ये त्याने त्यांपैकी तीन घरांत पुढे कोण येऊन बसेल हे तपशिलासह सांगितले. सिलिकॉनच्या खालच्या घराला त्याने ‘एकसिलिकॉन’ म्हटले. त्यातील ‘एक’ हे उपपद संस्कृतातूनच घेतलेले आहे. पहिली दोन घरे १८७५ मध्ये गॅलियमने आणि १८७९ मध्ये स्कँडियमने भरली होती. तिसऱ्याची वाट पाहणे चालू होते.

गंमत अशी की, ज्याची वाट पाहिली तो दाराशी आला तेव्हा त्याला कोणी चटकन ओळखले नाही. विंक्लरला तो अँटिमनीच्या खालच्या घरातला वाटला. खुद्द मेंडेलीव्हलाही प्रथम तो कॅडमियमच्या कुळातला वाटला. हा एकसिलिकॉनच होय, असे ब्रेस्लाऊचा रसायनज्ञ व्हिक्टर फॉन रिश्टर याने त्याच महिन्याच्या अखेरीस सुचविले. मोजमापे हाती आली आणि शंका फिटली. भाकीत केलेला अणुभार ७२, मिळालेला ७२.३२, भाकीत केलेले विशिष्ट गुरुत्व ५.५, मिळालेले ५.४७, प्राणवायूशी झालेल्या संयुगाचे भाकीत ४.७, प्रत्यक्षात ४.७०३. क्लोराइड शंभर अंशांच्या किंचित खाली उकळेल असे म्हटले होते. ते ८६ अंशांवर उकळले.

१८४६ मध्ये नेपच्यून ग्रह असाच आधी गणिताने आणि मग दुर्बिणीने सापडला होता. म्हणून विंक्लरच्या मनात ‘नेप्चुनियम’ हे नाव होते; पण ते दुसऱ्या एका कथित मूलद्रव्यास आधीच दिले गेले होते. तेव्हा त्याने आपल्या देशावरून ‘जर्मेनियम’ हे नाव ठेवले.

आर्जिरोडाइटची स्वतःची कथा मात्र येथे संपत नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे सॅम्युएल पेनफील्ड यांनी १८९३ मध्ये बोलिव्हियातील खनिजाचा अभ्यास करून त्याचे रासायनिक सूत्र सुधारले : चांदीचे आठ अणू, जर्मेनियमचा एक, गंधकाचे सहा. या सूत्राप्रमाणे जर्मेनियम शंभरांत साधारण साडेसहा भाग येते. हरवलेल्या सातांचा हिशेब असा जुळला. याचेच कथिलयुक्त भावंड पुढे ‘कॅनफील्डाइट’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत बार्डीन व ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर सिद्ध केला, तो जर्मेनियमच्याच स्फटिकावर. पुढे लहानशा रेडिओतून घरोघरी जो आवाज पोहोचला, त्याच्या मुळाशी हेच द्रव्य होते. आर्जिरोडाइट फार दुर्मिळ असल्याने आज जर्मेनियम मुख्यतः जस्ताची खनिजे व कोळशाची राख यांतून मिळवितात. तरीही या खनिजाची अंतर्रचना विस्मृतीत गेलेली नाही. त्याच घडणीचे लिथियमयुक्त पदार्थ २००८ मध्ये तयार झाले, आणि घनरूप विद्युतघटांसाठी त्यांचे संशोधन चालू आहे.

मेंडेलीव्हचे भाकीत पंधरा वर्षे कागदावरच होते. ते खरे ठरले याचे श्रेय जितके भाकीत करणाऱ्याच्या प्रतिभेला, तितकेच त्र्याण्णवांना शंभर म्हणण्याचे नाकारणाऱ्या माणसाच्या सचोटीला द्यावे लागेल.