चौथ्या गटातील बाया

विज्ञान प्रयोगशाळेत घडते, असे आम्हाला शिकविले गेले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण मात्र आमच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील ४९७ खेड्यांत घडले. ते घडविले आमच्या आया-मावश्यांच्या पिढीने. माझ्या वर्गातील मुलांना याचा पत्ताही नसतो.

१९९९ साली टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी हे काम हाती घेतले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट झाले. एका गटात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे. तीही आयुष्यात एकदाच. चौथ्या गटाला माहिती दिली, सोय कुठे आहे ते सांगितले, तपासले मात्र नाही. २००९ साली निष्कर्ष आले. एचपीव्ही गटात ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ या रोगाने मेल्या. चौथ्या गटात ३१,४८८ पैकी ६४.

या प्रयोगाने जगाचे ज्ञान वाढविले, हे मी नाकारीत नाही. परंतु जिल्ह्यात अशी तपासणी नव्हतीच, म्हणून चौथ्या गटाचे काही हिरावले नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही. आमच्यावर लादलेले दारिद्र्य हीच येथे न्यायाची मोजपट्टी ठरते! अमेरिकेतील डॉ. एरिक सुबा यांनी भारतातील अशा न तपासलेल्या गटांवर जाहीर आक्षेप घेतला. १९५१ साली त्याच अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या काळ्या स्त्रीच्या याच रोगाच्या गाठीतील पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या होत्या.

आता एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईचे पाहा. एचपीव्हीची लागण बहुतेक स्त्रियांचे शरीर वर्षा-दोन वर्षांत परतविते. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचलेली असली की विषाणू ठाण मांडतो, पेशी लवकर बिघडतात, उपचारानंतरही पुन्हा बिघडतात. या स्त्रीला कर्करोगाचा धोका सुमारे सहापट. १९९३ सालीच अमेरिकेने हा कर्करोग एड्सच्या व्याख्येत घातला. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते : इतरांना तिसाव्या वर्षापासून, हिला पंचविसाव्यापासून, इतरांना पाच ते दहा वर्षांनी, हिला तीन ते पाच वर्षांनी, आणि तपासणी शक्यतो एचपीव्हीची.

ज्या खेड्यांनी एचपीव्ही तपासणीचा पुरावा दिला, त्यांच्या वाट्याला काय आले? २०१६ च्या सरकारी आराखड्याने आम्लाची स्वस्त रीत निवडली, वय ३० ते ६५. मुंबई आणि दिंडिगलच्या प्रयोगांत त्या रीतीने मृत्यू घटले होते, हे खरे. उस्मानाबादेत ते लक्षणीय घटले नव्हते, हेही तितकेच खरे. शिवाय पंचविशीतली एचआयव्हीची बाई त्या वयोमर्यादेबाहेरच राहते.

कर्करोगाआधीचा बिघाड दुखत नाही, अंगावर जात नाही. तपासल्याखेरीज कळत नाही. कळला तर तेवढा भाग गोठवून, जाळून किंवा कापून काढता येतो, पिशवी काढावी लागत नाही. नवऱ्यामागे सासरने हाकललेली बाई गोळ्यांसाठी एआरटी केंद्रात येतेच. तिची तपासणी त्याच फेरीत, त्याच आवारात, दुसऱ्या चिठ्ठीवाचून आणि दुसऱ्या दिवसाची मजुरी न बुडविता व्हावी, हे आपल्या कार्यकर्त्यांनी जिल्हा रुग्णालयाकडे लेखी मागावे.