गुंगीतलं सत्य : रवादिव्यापासून नार्को चाचणीपर्यंत

मंडळी, आज आपला विषय आहे सत्य वदवून घेणाऱ्या औषधांचा. वर्तमानपत्रांनी त्यांना 'ट्रूथ सिरम' म्हटलं. आपल्याकडे त्या चाचणीला 'नार्को टेस्ट' म्हणतात. मोठ्या गुन्ह्याची बातमी आली, की आपल्या शिरूरच्या बाजारातही कुणीतरी म्हणतोच, "नार्को करा त्याची, सगळं बाहेर येईल." या वाक्यात एक समजूत दडलेली आहे. सत्य माणसाच्या आत तयार पडलेलं असतं, फक्त वरचं झाकण काढायचं. या समजुतीचा इतिहास आपण आज पाहू.

समजूत जुनी आहे. मराठेशाहीत वतनाचा वाद गोतसभेपुढे यायचा. कागदपत्रं आणि साक्षी पाहून निवाडा व्हायचा. तेवढ्यानं भागलं नाही, तर दिव्य. रवादिव्यात तापलेल्या तेलातुपातून धातूचा तुकडा हातानं बाहेर काढायचा. मग हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहोर करायची, आणि ठरल्या दिवशी ती सोडून हात तपासायचा. हात पोळलेला दिसला, तर दावा खोटा. म्हणजे काय, तर माणसाच्या शब्दाचा भरवसा संपला, की त्याच्या शरीराला साक्षीला उभं करायचं. इंग्रजी अमलात दिव्यं गेली. पण शरीर खोटं बोलत नाही हा विश्वास काही गेला नाही.

तो परत आला डॉक्टरी वेशात. अमेरिकेत टेक्सासमध्ये रॉबर्ट हाउस नावाचे डॉक्टर होते. बाळंतपणाच्या कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून तेव्हा स्कोपोलामाइन देत. गुंगीतली बाईसुद्धा प्रश्नाला नेमकं उत्तर देते, हे त्यांनी पाहिलं. १९२२ साली डॅलसच्या तुरुंगातल्या दोन कैद्यांना त्यांनी हे औषध देऊन प्रश्न विचारले. दोघांनीही गुन्हा नाकारला आणि पुढे खटल्यात दोघेही सुटले. गंमत बघा, ज्या औषधाकडून पुढे जगानं कबुलीजबाब मागितले, त्याचा हा पहिला गाजलेला वापर निर्दोषपण दाखवण्यासाठी होता!

पुढे स्कोपोलामाइनची जागा सोडियम अमायटल आणि सोडियम पेंटोथाल यांनी घेतली. ही मुळात झोपेची आणि भुलीची औषधं. मेंदूत 'गाबा' नावाचं एक रसायन असतं. पेशींची धावपळ शांत करणं हे त्याचं काम. ही औषधं त्याचा जोर वाढवतात. मात्रा जास्त झाली, तर माणूस बेशुद्ध होतो. शिरेतून बेतानं सोडली, तर तो झोप आणि जाग यांच्या मधोमध राहतो. भीड सुटते, जीभ सैल होते. खोटं बोलायला मेहनत लागते. खरं दाबून ठेवायचं, दुसरं रचायचं आणि रचलेलं लक्षात ठेवायचं. ती मेहनत औषधानं अवघड होते, हे खरं. पण अशक्य होत नाही. शिवाय खरं आणि कल्पित वेगळं ठेवायलाही तीच जागरूकता लागते, आणि तीही सैल होते. समोरच्यानं जे सुचवावं, ते अशा अवस्थेत माणूस सहज उचलतो.

याचा प्रयोगही झाला. १९५१ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी नऊ जणांना त्यांच्या आयुष्यातली लाजिरवाणी गोष्ट सांगायला लावली आणि ती झाकणारी एक खोटी हकीकत रचायला सांगितली. नंतर अमायटल देऊन दुसऱ्या संशोधकानं त्यांची उलटतपासणी केली. मनानं धडधाकट असलेली माणसं आपल्या खोट्या हकीकतीला चिकटून राहू शकली. ज्यांच्या मनात अपराधी भाव खोल होता, ती लवकर कबूल झाली. पण त्यांची ओढ न केलेले अपराधही कबूल करण्याकडे होती. मंडळी, हे नीट लक्षात घ्या. निर्ढावलेला निसटतो आणि हळवा अडकतो.

आता आपल्या घरची गोष्ट. बनावट मुद्रांकांच्या घोटाळ्यातला अब्दुल करीम तेलगी याची नार्को चाचणी २००३ साली बेंगळुरूला झाली. २००६ मध्ये तिची चित्रफीत वाहिन्यांवरून घरोघरी पोचली. गुंगीतल्या त्या माणसाच्या तोंडून काही राजकीय नेत्यांची नावं महाराष्ट्रानं ऐकली. त्या बोलण्याला ना शपथ, ना उलटतपासणी. पण चर्चा तर उठलीच. याच घोटाळ्यातल्या आरोपींनी चाचणीला हरकत घेतली होती, तेव्हा २००४ साली मुंबई उच्च न्यायालयानं चाचणीला मुभा दिली होती.

सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०१० रोजी, सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात, हा प्रश्न निकाली काढला. संमतीवाचून अशी चाचणी करता येणार नाही. राज्यघटनेच्या कलम २०(३) नुसार कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. संमती दिली, तरी गुंगीतलं बोलणं हा पुरावा नाही, कारण बोलणाऱ्याचा त्यावर ताबा नसतो. मात्र स्वेच्छेच्या चाचणीतून धागा मिळून एखादी वस्तू हाती लागली, तर ती पुराव्यात येऊ शकते.

न्यायालय 'ताबा' म्हणालं. आमच्या तत्त्वज्ञानाच्या भाषेत हीच गोष्ट न्यायदर्शनानं फार पूर्वी मांडली. वात्स्यायनानं 'आप्त', म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा असा माणूस, कोण ते सांगताना दोन अटी घातल्या. त्याला ती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक हवी, आणि जशी ठाऊक आहे तशी सांगण्याची त्याची इच्छा हवी. ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ, लक्षण तेच. पेंटोथाल नेमकी ही दुसरी अट मोडतं. ज्याला खोटं बोलण्याची मोकळीक उरलेली नाही, तो खरंही 'सांगत' नसतो. त्याच्या तोंडून फक्त शब्द पडत असतात.

आपल्याकडे खंडोबाचा बेलभंडार उचलून शपथ घेतात. तिथंही माणूस खोटं बोलू शकतो. पण भंडार तो स्वतःच्या हातानं उचलतो आणि शब्दाची जबाबदारी घेतो. नार्कोच्या टेबलावरचा हात बहुधा गरिबाचा असतो, कोठडीतून आणलेला. त्यानं कागदावर 'संमती आहे' म्हणून अंगठा उमटवला, तर ती संमती किती खरी, हा प्रश्न निकालानंतरही आपल्याला सोडत नाही. तपास म्हणजे कष्टाचं काम. माग काढायचा, कागद ताडायचे, साक्षी जुळवायच्या. सुईनं ते कष्ट वाचत नाहीत. ते आरोपीच्या अंगावर ढकलले जातात, एवढंच.

इथं आपण थांबू आणि प्रश्नोत्तरांकडे वळू.